जांभई

स्ट्रुअन कोट काढत नाही.
अ‍ॅबर्डीनमधली माझी ही खोली तशी उबदार,
हीटर कण्हत असतो, काचेवर वाफ,
तरी तो चेन गळ्यापर्यंत ओढून बसतो,
जसं काही आत्ता हेलिकॉप्टर येईल
आणि त्याला रिगवर घेऊन जाईल.

तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी.
"घरी" म्हणताना तो जरा अडखळतो,
लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरलेला माणूस
अडखळतो तसा.

कशी आहे आयली?
वाढतेय.
आणि तुम्ही?
ठीक.
ह्या 'ठीक'ला आतून कडी आहे.

पाच बुधवार असेच गेले.
पन्नास मिनिटं आम्ही दोघं नुसती धरून बसायचो,
कुणीतरी झोपलेलं मूल हातात देऊन
निघून गेल्यासारखी.

सहाव्या बुधवारी मला जांभई आली.
दाबली. डोळ्यांत पाणी आलं.
तेव्हा तो सांगत होता, रात्री तीनला
तो पाळण्यापाशी उभा राहतो आणि उचलत नाही,
कारण व्हारी अर्धवट झोपेत म्हणते,
"दे इकडे, तुला नाही—"
तिथेच थांबला.
मग हवामानाबद्दल बोलू लागला. उत्तरेचा वारा. लाटांची उंची.

जाऊ देता आलं असतं.
मी म्हणाले, मघाशी मी जांभई दिली. तुम्ही पाहिलीत.
"नाही."
पाहिलीत, आणि इथून उठून समुद्रावर गेलात.

हीटर कण्हला. पुष्कळ वेळ.
त्याची मान लाल झाली, मग कान.
"पाइपात कुठे गळतंय ते मला आवाजावरून कळतं," तो म्हणाला.
"माणूस कंटाळला तेही कळतं.
बाप पेपर वाचायचा, मी बोलत असायचो."
आणि अगदी खालच्या आवाजात:
"राग आलाय मला तुमचा."

येणारच, मी म्हणाले. चुकलं माझं.
कंटाळले नव्हते, पण गोष्ट तुटली माझ्यामुळे.
तीन वाजले होते. तुम्ही पाळण्यापाशी होतात.

त्याने दाराकडे पाहिलं.
दार जागेवर होतं. मीही.
ह्याला पुस्तकात मोठमोठी नावं आहेत,
मला त्या दिवशी एकही आठवलं नाही.

मग तो समुद्रावर गेला. परत आला.

"भांडलो," बसता बसताच म्हणाला.
"मी म्हटलं, तू तसं म्हणतेस ना,
तेव्हा मी घरातल्या घरात रिगवर जातो.
ती उठून बसली. म्हणाली, आणि मी इथे एकटी राहते.
चार वाजेपर्यंत कुजबुजत भांडलो,
पोर उठू नये म्हणून."
थांबला.
"पण ती माझ्याच हातात होती.
केव्हा उचलली, दोघांनाही आठवत नाही."

कोट अजून अंगातच आहे.
डाव्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग,
पांढुरका, चहाच्या बशीएवढा.
त्याला ठाऊक नसावा.
सगळंच बोलून दाखवायचं, हा माझा धंदा.
एवढं एक मी बोलत नाही.