छत्तीसचा आकडा

करावेच्या पाणथळीवर सहा वाजून दहा मिनिटं.
भरती चढते आहे, म्हणजे ते येणार.
खाडीतला चिखल बुडाला की इकडे सरकतात,
त्यांचं रोजचं आहे.

हेरंब खारघरहून आलाय, तोफेएवढी लेन्स घेऊन.
त्याचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो,
हिरवी चौकट त्यावर बसते ती सुटत नाही.
पूर्वी एवढ्यासाठी गुरूच्या घरी राहावं लागायचं.
सेकंदाला तीस फोटो, आवाज शून्य.
"काकू, यात आरसाच नसतो," तो सांगतो,
आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, म्हणावं तसं.

माझ्या गळ्यात आहे आरसा.
चाळीस वर्षं तिरका उभा.
त्याच्या बुडाचा कुजलेला स्पंज
नौपाड्यातल्या कारखानिसांनी काडीने खरवडून काढला.
दुकान कसलं, फरसाणवाल्याच्या वरचा पोटमाळा,
तळणाच्या वासात उघडी पडलेली शटरं.
देताना बजावलं होतं:
"लिव्हर ओढली की डावीकडची चकती फिरली पाहिजे.
नाही फिरली तर मला फोन करू नका,
आपल्याच कपाळावर हात मारा."

ते आले.
आधी नुसता कलकलाट,
मग तो रंग. गुलाबी नव्हे,
शिजत आलेल्या कोळंबीच्या पाठीचा म्हणा.
हेरंबचं बोट टेकलं ते टेकलंच.
मी श्वास धरला.
खट्ट.
आणि अंधार.

हे आधी कुणी सांगत नाही:
फोटो निघतो त्याच क्षणी आरसा वर उडतो,
डोळ्यापुढे काळोख होतो.
मी पाहिलं ते फिल्मवर येत नाही,
फिल्मवर येतं ते मी पाहिलेलं नसतं.
दोघी पाठीला पाठ लावून बसतो,
ती आणि मी,
तीन आणि सहा.

"साडेचौदाशे," हेरंब म्हणतो, पडद्यावरचे पुसत पुसत.
माझे अकरा.
धुलाई धरून एकाला बेचाळीस रुपये पडतात,
आणि मी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी बाई.
म्हणून एक पक्षी नुसताच बघितला.
डोकं उलटं बुडवून पाणी गाळत होता,
मधेच थांबायचा, काहीतरी आठवल्यासारखा.
किती वेळ, ते नाही सांगता येत.
मग दाबलं.

ऊन वर आलं. पस्तीस, छत्तीस.
सदतीस.
एखादा रोल देतो वर एक-दोन,
जुना वाणी द्यायचा तसे मूठभर शेंगदाणे.
अडतीस. एकोणचाळीस.
चाळिसाव्याला हात थबकला.

लिव्हर ओढली, डावीकडे बघितलं.
चकती ढिम्म.
सकाळभर हललीच नसणार ती.
फिल्मची जीभ पहिल्याच झटक्याला दात्यांतून निसटलेली,
डबीत गुंडाळून कोरी झोपलेली,
आणि मी चाळीस वेळा
रिकामा अंधार उघडून मिटला होता.

हेरंब हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
"माझ्यातले पाठवतो ना, हवे तेवढे."
रात्री आले. दोनशे बारा.
प्रत्येकात डोळा लख्ख.
त्यांत माझा पक्षी शोधला.
असेल त्यातलाच एक.

कपाळावर हात मारून झाल्यावर फोनही केला.
आधी खालच्या झाऱ्याची खणखण, मग कारखानीस:
"म्हणजे रोल वाया नाही गेला?"
"नाही."
"किती शिल्लक?"
"छत्तीस."
"मग रडताय कशाला?"
मी रडत नव्हते. पण असो.

ओट्यावरच्या दिव्याखाली मागचं झाकण उघडलं,
जीभ दात्यांवर बसवली, अंगठ्याने दाबून धरली,
लिव्हर ओढली.
चकती फिरली.
पुन्हा ओढायचा मोह झाला, नुसतं बघायला. आवरला.

उद्याची भरती पाऊण तास उशिरा आहे.
तेवढीच झोप जास्त.