मधला पत्रा

तुर्भ्याच्या टेकडीमागे, खाडीकडच्या शेडमध्ये
आम्ही एकशे बारा नळ्यांवर वारा सोडत होतो.
खऱ्या भट्टीतला वायू वेगळा, तापलेला, दाबाखालचा;
आमच्याकडे साधी हवा, चिखलाच्या वासाची,
आणि भांडारातून सही करून आणलेला पंखा.

बारा मीटरपर्यंत सगळं गुमान.
वारा नळीला वळसा घाली, मागे भोवरा सोडी,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
रवीची दोरी ओढावी तसा.

तेराला शेड ओरडली.
चहाच्या ग्लासात वर्तुळं उठली,
चष्म्याची काडी कानामागे खाजू लागली,
कॅन्टीनच्या सुमतीबाई दारात येऊन म्हणाल्या,
कुणाला मारताय का रे आत?

मी वारा वाढवला. सूर हलला नाही.
चौदा. पंधरा. तोच सूर, नुसता जाड होत गेलेला.
हिशेबाने तो चढायला हवा होता.
वहीत लिहिलं, 'मापकात बिघाड?'
आणि खोडलं.

तुळसकर फिटर
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून
एकेका नळीवर टोक टेकवत फिरले.
"नळी नाय गायत, बाय. मधली पोकळी गायता.
भोवरे तिचाच आयकतत."

नळ्या उपसल्या तेव्हा
आधाराला टेकतात तिथे नख अडकेल एवढी खाच.
खऱ्या भट्टीत तिच्या एका अंगाला पाणी, एका अंगाला वायू,
आणि मधला धातू किती उरलाय
ते बघायला आत कुणी जात नाही.

तुळसकरांनी भंगारातून पत्रा कापला,
वाऱ्याच्या दिशेने, दोन भिंतींच्या मधोमध उभा केला.
तो वारा अडवत नव्हता, काही उचलत नव्हता.
तेरा. चौदा. सतरा.
फक्त वारा.
सुमतीबाई पुन्हा आल्या: बंद पडलं वाटतं?

अहवालात पत्र्याची जाडी आहे,
तुळसकरांचं नाव नाही. टंकलेखन माझंच होतं.

आता ते मानखुर्दला, लेकीकडे.
कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला, एका जागी खोल खड्डा.
शेडमुळेच का, डॉक्टर सांगत नाहीत.
नातीची शिट्टी त्या खड्ड्यात जाते. दाराची घंटाही.
म्हणून लेकीने घंटेच्या तारेला बल्ब जोडलाय.

मी बटण दाबते.
आत कुठेतरी उजेड होतो.
थोड्या वेळाने चपला सरकतात,
आणि कडी.