पाचवी ब

वडाळ्याची ही शाळा पटसंख्येअभावी बंद पडली,
बाकं राहिली, दहा वर्षांच्या पोरांच्या मापाची.
आता त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन
चाळिशी-पन्नाशीतले अकरा माजी सैनिक बसतात.
फळ्याच्या कोपऱ्यात कुण्या बाईंच्या हातचा सुविचार आहे.
मुकरी सर तो पुसत नाहीत, त्याच्याखाली
लिफ्टच्या ब्रेकची आकृती काढतात.

माझं काम अर्ज भरायचं आणि फोन लावायचं.

नाव?
नाईक तुळशीदास खरमाटे.
संगणकानं नाईकचं आडनाव करून टाकलं.
म्हटलं, राहू द्या, नंतर बदलू.
म्हणाले, बाई, तो हुद्दा आहे.
तेवढाच तर उरलाय.

पत्ता?
फ्रीवेखाली, खांब दोनशे सहा.
खांबांना नंबर असतात हे मला माहीत नव्हतं.
पिनकोड त्यांना पाठ होता.

सेवा चौदा वर्षं, दोन महिने.
पेन्शनला पंधरा लागतात.
मधल्या दहा महिन्यांचं मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
रकाना रिकामा चालत नाही म्हणून
मी एक आडवी रेघ मारली.

सात कंपन्यांशी करार झाले. म्हणजे
सात वेळा पेढे, सात वेळा फोटो,
सातही वेळा तेच पेन.
नंतर फोन उचलले चौघांनी.
तिघं म्हणाले, फौजी ना? उत्तम. गेटवर ठेवू.
शिट्टी, दांडकं, बारा तास.
स्पीकर बंद करायला मी विसरले होते.
खरमाटे मागे पाना पुसत उभे.
म्हणाले, पहारा देऊन झाला, बाई.
आता काहीतरी बिघडलेलं द्या.

मुकरी सरांची हयात डोंगरीच्या जाळीदार लिफ्टांत गेली.
ते सांगतात, नुसत्या मोटरवर काही होत नाही.
माणूस वर जातो, कारण
दुसऱ्या बाजूनं तेवढंच ओझं खाली उतरत असतं.
इनास तुस्कानो, नेव्हीतले आचारी, मागच्या बाकावरून:
सर, ते ओझं म्हणजे आम्हीच ना?
सगळे हसले.
खरमाट्यांनी वहीत लिहून घेतलं.

चौथी कंपनी गोरेगावची.
तिथून शिंत्रे नावाची मुलगी आली, काखेत हेल्मेट.
तिनं सीमेबिमेचं काही विचारलं नाही.
विचारलं, लिफ्ट अडकलीय, आत सात जण,
एक लहान मूल, वीज गेलेली. आधी काय?
खरमाटे म्हणाले, आधी हाक मारीन. माझं नाव सांगीन.
बाहेर कुणीतरी आहे एवढं कळलं
की आतले शांत होतात. माझेही हात थरथरत नाहीत.
ती म्हणाली, मेन स्विच राहिला.
ते बोलता बोलता करीन, म्हणाले.

तिघांना घेतलं.
पोलीस पडताळणीला पत्ता हवा,
मी लिहिलं: वर्ग पाचवी ब, दुसरा मजला.
शिपाई आला. बाकाखालची वळकटी बघितली,
भिंतीवरचं पाढ्यांचं कोष्टक बघितलं,
सही करून चहा पिऊन गेला.

गेल्या महिन्यात खरमाटे येऊन गेले.
लोअर परळ, एकतीस मजले, चार लिफ्ट.
पगाराची स्लिप दाखवली, खोलीमालकाला तीन लागतात म्हणे,
ही दुसरी.
तिच्यावरही छापलंय: श्री. नाईक.
बदलायला सांगू का, विचारलं.
नको, म्हणाले. कँटीनवाला सॅल्यूट ठोकतो.

तुस्कानो एकेचाळिसाव्या दिवसापासून आले नाहीत.
खांबाखाली विचारलं, ससून डॉकला विचारलं.
त्यांची पक्कड खिळ्याला आहे,
मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली, त्यांनीच.
बॅच आता नवी आहे.
हजेरीत ते नाव मी अजून घेते.
मुकरी सर खडू हातात धरून
तेवढा वेळ थांबतात.