शेऱ्याचा रकाना

माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून यादी माझ्या गळ्यात.
अंबाजोगाईत, मंडी बाजाराच्या मागं,
वर पत्रा, खाली सतरंजी, सतरंजीवर आम्ही सात-आठ जण.
पाटी रंगवताना पेंटर ‘विचारी’तला ‘वि’ विसरला,
दोन महिने आम्ही ‘चारी ग्राहक मंडळ’ होतो.
पाटबंधारे खात्याचं एक पत्रही आलं.

यादीला रकाने चार :
वस्तू. कुठून आली. किती हातांतून. शेरा.
नुसरत आपा उदबत्तीचं विचारून आल्या,
हजार काड्या वळल्या की बाईच्या हातावर काय पडतं.
तो आकडा लिहिताना मी पेन जरा जास्तच दाबलं.
देशमाने सर चपलांच्या मागावर तीन गावं फिरले,
परत आले तेव्हा त्यांचीच तुटलेली,
तरी शेरा दिला : घ्यायला हरकत नाही.
फटाक्यांपुढे तिघांनी तीन शेरे लिहिले
आणि घरी पोरांची तोंडं बघून तिन्ही खोडले.
किराणावाले मुथा म्हणतात,
‘दुकान आहे का दहावीचा निकाल?’
पण एक तारखेला यादी मागून नेतात,
गल्ल्याखाली ठेवतात,
गिऱ्हाइकानं विचारलंच तर.

सहा वर्षं झाली.
एका ओळीपुढे मात्र काहीच नाही.
साखर.
मशीनमधून ती ओळ कोरी निघते,
लोकांना वाटतं टोनर संपला.

विचारायचं कुणाला हे माहीत नाही, असं नाही.
दसरा झाला की सतरंजीचा एक कोपरा रिकामा पडतो
तो थेट पाडव्यापर्यंत.
भागीरथी नागरगोजे.
महिन्याची वर्गणी दहा रुपये,
जाताना सहा महिन्यांची भरून जाते, आगाऊ.
तिच्या माघारी आम्ही
तेलाचा, डाळीचा, साबणाचा न्याय करत बसतो.

यंदा ती आली पाडव्याच्या आदल्या दिवशी.
पिशवीत नातीसाठी घेतलेली गाठी,
गुलाबी-पांढरी, मधोमध पदक.
आम्ही सगळे त्या पिशवीकडे बघत राहिलो.
‘काय बघायलाव? लेकराच्या गळ्यात घालायची हाय.’

सरांनी घसा खाकरला.
म्हणाले, साखरेचं यंदा ठरवूनच टाकू,
घ्यायचीच नाही, असं लिहू का?
‘लिवा की,’ ती म्हणाली,
‘मंग दसऱ्याला आमची उचल तुमी देता का?’
सर चष्मा पुसत बसले. काच स्वच्छच होती.

तिनं गाठी तळहातावर धरली,
पारड्यात धरावी तशी.
‘हिच्यात एक ऊस. लई तर दीड.
बुडाला एक घाव, वाढ्याला एक.
पाचट काढताना बोटं चिरतेत, ते येगळं.’
‘किती हातांतून?’ मी विचारलं,
रकाना आहे म्हणून.
ती हसली.
‘मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता.
एकानं अंग टाकलं की खाडा दोघांचा.
तुमच्या वहीत कसं मोजायलाव?’

बाहेर कुणी तरी कलिंगडाचा भाव ओरडत होतं.
मी लिहिलं : चार.
सहा वर्षांत त्या ओळीवर पहिली शाई.
शेरा? आपा म्हणाल्या, राहू दे.
सर म्हणाले, पुढच्या बैठकीत.

मग चहा आला.
सरांनी बिनसाखरेचा सांगितला, आयुष्यात पहिल्यांदा.
भागीरथीनं एक घोट घेतला
आणि कप पोऱ्याकडे परत केला.
‘दोन चमचे अजून टाक रे.
मीच तोडलीया, मला तरी गोड लागू दे.’

रात्री शटर अर्धं ओढून दोनशे प्रती काढल्या.
टोनर नवा होता, तरी ‘चार’ पुसट आला.
एकेक प्रत घेऊन
तेवढा शब्द हातानं गिरवत बसलो.