आहेत तेवढी

ऑक्टोबर. शिकोकूच्या उतारावर संत्र्यांचे चौदा रिकामे क्रेट,
प्रत्येकात सहा महिन्यांचा एक चाबो कोंबडा,
ओंजळीत मावेल एवढा, ऐट मात्र अख्ख्या गावाची.
यातले तीन राहतील. बाकीचे रविवारी
ताबुची त्याच्या छोट्या टेम्पोत घालून नेईल.
कुठे, ते मी अजून विचारलेलं नाही.

इवामात्सु-सानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.
ऑपरेशन संत्र्यांच्या तोडणीनंतर, म्हणतात.
गेल्या वर्षीही तोडणी झालीच होती.
"अंग मी बघतो. रंग तू सांग, मिझुए."

छातीच्या हाडावरून त्यांचं बोट उतरतं, सावकाश,
पायरी चुकू नये म्हणून अंधारात उतरावं तसं.
"वाकडं. दांडीवर फार लवकर बसायला लागला हा.
असू दे, ते रक्तातलं नाही."
मग तुरा. एक, दोन, तीन, चार, पाच.
सहावं टोक हाताला लागलं की क्रेट डावीकडे.

मी रंग सांगते.
"पांढरा."
"कसला पांढरा?"
इथे येण्याआधी मला वाटायचं, पांढरा म्हणजे पांढरा.
"पाठीवर पिवळट झाक आहे."
"उन्हाची की अंगची?"
पीस उलटं करून मुळाशी बघते.
देठ कोरा असेल तर ऊन, सायीसारखा असेल तर बाप.
"ऊन."
"मग चूक माझी. पर्सिमनखाली जाळी बांधायची राहिली.
आता पंख उघड. आतून काळा?"
"काळा."
"मिटल्यावर दिसतो?"
"नाही."
"शहाणा आहे," म्हणत ते खोकल्यासारखं हसतात.

नववा.
याला कवचातून निघायला दीड दिवस लागला होता.
रात्रभर मी ओलं फडकं धरून बसले होते.
काळ्या शेपटीत याच्या एक पांढरं पीस होतं,
आज पहाटे मी ते उपटलं.
तो ओरडला नाही. इकडेतिकडे मीच पाहिलं.

त्यांची बोटं शेपटीतून जातात,
एका जागी थांबतात,
परत मागे येतात, त्याच जागी.
"शेपटी?"
"काळी."
"सगळी पिसं?"
"आहेत तेवढी."

खालच्या रस्त्याने कुणाची तरी मोपेड चढत राहिली,
बराच वेळ.

मग त्यांनी पाय चाचपले.
"लांब आहेत. प्रदर्शनात याला कुणी ढुंकून बघणार नाही."
माझा हात डाव्या थप्पीकडे निघालेला.
"थांब. मार्चमध्ये अंडी दिव्यासमोर तूच धरलीस ना?
चारातल्या एकात काय होतं?"
एक ठिपका. वाढता वाढता थांबलेला.
"दोन्हीकडून बुटके जोडले की असंच होतं.
लोकांना आखूड पाय हवेत, म्हणून ती अंडी आपण फेकतो.
उंच बाप असला की ती वाचतात.
सुरेख पिल्लं कमी निघतील. निघू देत.
उजवीकडे ठेव याला."

मी क्रेट उचलला. माझे कान तापले होते.
"आणि पुढच्या वर्षी याच्या पोरांच्या शेपटीत पांढरं दिसलं
तर मला सांग. नुसतं सांग.
मला ते दिसणार नाहीये."
"ऑपरेशन झाल्यावर दिसेल."
"हो," ते म्हणाले. "दहावा आण."

एप्रनच्या खिशात ते पीस अजून आहे,
मुळाशी जरासं ओलं.