पावातला बाहुला

तीन राजांच्या सणाला पाव कापला,
बोटभर बाळ येशू निघाला माझ्याच तुकड्यात.
म्हणजे कँडेलारियाचे तमाले माझ्याकडे. रीतच आहे.

नव्वद तमाले, केळीच्या पानांत.
मांडीवर घरातला मोठा बाळ येशू,
नवा झगा घालून आशीर्वादाला निघालेला.

आणि बस उभी, तेवांतेपेकच्या अलीकडे.
संपावरच्या मास्तरांनी रस्त्यात झाड आडवं टाकलंय.
एलेउतेरियो ड्रायव्हर म्हणतो, "आत्ता सुटेल."
अकरा वाजताही आत्ताच म्हणाला होता,
चार वाजताही.

एव्हाना मिस्सा संपली असणार.
जाऊबाई ओबदुलिया सगळ्यांना सांगत असणार,
हिनं पैसे वाचवले.

अंधारात पानांचा वास बसभर हिंडला.
मागचं पोर रडायचं थांबून
नुसतं टोपलीकडे बघत राहिलं.
मग काय करायचं?
सोडलं फडकं.

एलेउतेरियोनं दोन घेतले,
टायर पेटवून बसलेल्या मास्तरांनी वीस.
एका म्हातारीनं हात पुसले परकराला,
बाळाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला.
मसाल्याचा डाग राहिला तिथं.
मी पुसला नाही.

पहाटे झाड हललं.
टोपलीत एक उरलाय,
जाऊबाईंसाठी.

गार आहे.