वाळल्यावर

वादळ ओसरलं की दुसऱ्या पहाटे
गेझीना दार वाजवायची नाही,
काचेवर एक खडा मारायची, हरभऱ्याएवढा.
एवढ्या वर्षांत काच कधी फुटली नाही.
"ऊठ टोनीस, समुद्रानं खिसे उलटे केलेत."

तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
बाल्टिकच्या वाऱ्यात, गोट्यांवरून चालतानाही
मधूनच वर बघायची, आरसा असल्यासारखी:
मागे कुणी राहिलं तर नाही ना.

खडूच्या कड्याखाली, रात्री कोसळलेल्या ढिगाऱ्यात
पांढऱ्या चिखलात काळी चकमक,
आणि सगळंच ओलं, म्हणून सगळंच सुंदर.
मी ओरडायचो, माणिक!
वीट, ती म्हणायची.
पाचू!
बिअरची बाटली.
मग हा बघ, हा गोल, हे नक्की डायनॉसोरचं अंडं.
ती उचलायची, जिभेचं टोक लावायची, नखानं खरवडायची.
"गाठ आहे ही. वाळूला वाळू धरून बसलीय.
मध्ये काहीतरी असतंच, शिंपलं, नाहीतर माशाचा काटा.
रिकाम्या जागेभोवती कोण कशाला बसेल?"
आणि पुढे गेल्यावर, पाठमोरी:
"आमच्याकडे मध्ये खिळाही निघतो. बॉम्बचा कपचाही."

आरपार भोक पडलेला दगड मिळाला
की त्यातून आधी समुद्र बघायची,
मग मला, मग सुतळीत ओवायची.
कोंबड्यांचा देव म्हणतात इथे त्याला.
शेंदूर नाही, नैवेद्य नाही,
खुराड्याच्या दारावर टांगला की झालं,
कोल्हा येत नाही.
"येतो," गेझीना सांगायची, "पण लाजत येतो."

एकाच गोष्टीला ती हसली नाही कधी.
मधाच्या रंगाचा तुकडा, हलका, दिसला,
आणि माझा हात खिशाकडे वळला
की मनगट धरायची, ब्रेक दाबावा तशी.
खिसा नाही. डबा.
पत्र्याचा, तळाशी ओली वाळू.
कारण तृणमणी आणि युद्धातला फॉस्फरस
ओले असताना सख्खे भाऊ.
टाकणारी विमानं गेली, ज्यांच्यावर टाकला तेही गेले,
समुद्र अजून एकेक तुकडा परत करतोय.
पाण्यात तो गप्प असतो.
मांडीच्या उबेनं चड्डी सुकत येते
आणि मग तो आपलं नाव सांगतो.
एकेहार्ड नऊ वर्षांचा होता.
बहिणीच्या अंगठीसाठी खडा सापडला
म्हणून खिशात घालून पळत निघाला होता घरी.
अजून डावा पाय वेगळा टाकतो.
कुठल्या बहिणीच्या, हे ती सांगायची नाही.
एकेहार्डला एकच बहीण.

घरी फळीवर वर्तमानपत्र, त्यावर दिवसभराची लूट.
डबा मात्र बाहेर, दगडी पायरीवर.
सकाळी उठून बघावं तर निम्मे दगड विझलेले,
राखाडी, ओळखही न देणारे,
ज्यांच्यासाठी काल गुडघे फोडून घेतले.
डब्यातला तुकडा वाळूनही पिवळाच.
लोकरीवर घासला; कागदाचा कपटा उडून चिकटला.
"तृणमणी," ती म्हणाली, आणि मगच श्वास सोडला.

राहिली एक चकमक, बटाट्याएवढी, ओबडधोबड.
मी फेकणारच होतो.
गेझीनानं कानाशी नेऊन हलवली.
खुळ्.
काल मुकी होती ही. काल आत चिखल होता.
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तो रात्रभर सुकला
आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कुठलासा स्पंज
भिंतीपासून सुटा झाला.
खुळ्, खुळ्.
मी हातोडी शोधायला लागलो.
ती तिच्या एप्रनच्या खिशात होती, तिथेच राहिली.
दगड तिनं माझ्या हातात दिला.

"बसमध्ये शेवटी एक पोर उरायचं," ती म्हणाली,
"अगदी मागच्या खिडकीशी, आपल्याशीच गुणगुणत.
काय गातोस रे, असं विचारलं
की थांबायचं."